गाळलं की घातलं

बाबा पेपर वाचत नाहीत, तपासतात. रविवारी सकाळी चहाचा कप, लाल रिफिलचं पेन, आणि मथळ्यात कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की बारीक गोल करून "काय हे" असं स्वतःशीच. शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात १९६६ ला चिकटले ते चाळीस वर्षं प्रुफं तपासत राहिले, खिळे जुळवायचे दिवस बघितले, मग ऑफसेट, मग कॉम्प्युटरवरची पानं. रिटायर होऊन जमाना झाला पण डोळा काही रिटायर झाला नाही, हॉटेलात मेनूकार्ड आलं की आधी शुद्धलेखन मग जेवण.

तर दोन वर्षांपूर्वीचा असाच एक रविवार. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला बाबा दोन जुन्या वह्या शेजारी शेजारी उघडून बसलेले (त्या वह्यांचं नंतर सांगते), दुसऱ्या टोकाला मी लॅपटॉप घेऊन. मी आधी हिंजवडीत बारा वर्षं बँकांची सॉफ्टवेअरं लिहिली, मग कंटाळून जीनोमच्या (म्हणजे एखाद्या जीवाच्या सगळ्या डीएनएच्या) कामात शिरले, म्हणजे एका लॅबमध्ये कॉम्प्युटरची बाजू सांभाळते, पिपेट माझ्या हातात कोणी देत नाही आणि ते बरंच आहे. स्क्रीनवर घाटातल्या दोन जवळच्या जातींच्या पालींचा डीएनए एकाखाली एक लावलेला, ए टी जी सी, ए टी जी सी, आणि वरच्या ओळीत मधेच सलग ४१ आडव्या रेघा.

बाबा पाणी प्यायला उठले, जाताजाता वाकून बघितलं. "वरच्यात मजकूर गळलाय."

"हो, डिलिशन आहे."

"कशावरून? खालच्यात कोणी घुसडला नसेल कशावरून?"

मी म्हटलं बाबा, प्रोग्रॅमने लावलंय ते. "प्रोग्रॅमकडे तिसरी प्रत आहे का?" असं विचारून ते पाणी पिऊन परत वह्यांपाशी गेलेसुद्धा. मी हसले. आणि पुढचे तीन महिने त्या डिलिशनवर घालवले.

डीएनएत चूक होते म्हटलं की लोकांना अक्षर बदलणं आठवतं, ए च्या जागी जी. ते सोपं असतं, अक्षरासमोर अक्षर आहे, फक्त वेगळं आहे. पण आपली ३.१ अब्ज अक्षरांची पोथी पिढ्यानपिढ्या उतरवून घेताना अक्षरं गळतात पण, आणि नको तिथे जास्तीची येऊन बसतात पण. या दोन्हींना मिळून आमच्यात इंडेल म्हणतात, इन्सर्शन आणि डिलिशनचा संधी. एवढा जोडशब्द करायची गरज का पडली तर दोन प्रती समोर ठेवल्या की एकीत रिकामी जागा दिसते, पण कोणी गाळलं की दुसरीने घातलं हे त्या दोघींकडे कितीही बघितलं तरी कळत नाही. ज्याचं नक्की माहीत नाही त्याला दोन्ही नावं एकदम दिली, झालं.

आईला हे समजावताना मी एक वाक्य घेतलं होतं आणि ते मला महागात पडलं. पेशी डीएनए वाचताना तीन-तीन अक्षरांचे घास घेते, मधे जागा सोडलेली नसते, सुरुवात कुठून झाली त्यावर सगळं. म्हणून तीन-तीन अक्षरांच्या शब्दांचं वाक्य पाहिजे होतं. आईला भाकरी करता येईना. मोजून बघा, चारही शब्द तीन अक्षरी. आता दुसरं अक्षर, ती ई, उडवा आणि तसंच तीन-तीनने वाचा: आलाभा करीक रताये ईना. एकच अक्षर गेलं पण तिथून पुढचं सगळं भजं झालं. आता गंमत अशी की तेवढ्यात पुढे कुठेतरी एक अक्षर जास्तीचं पडलं, समजा री नंतर च, तर वाचाल आलाभा करीच करता येईना. सुरुवात बिघडलेली आहे पण करता येईना परत आलं, गाडी रुळावर. आणि भाकरी हा अख्खा तीन अक्षरांचा शब्दच उडवला तर? आईला करता येईना. एक गोष्ट कमी झाली, वाक्य शाबूत.

"कोणाला येत नाही भाकरी?" आई म्हणाली. तिला बाकी काही ऐकायचंच नव्हतं.

पण हे १९६१ चं मोठं प्रकरण आहे. केंब्रिजला फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी भाकरीऐवजी टी-४ नावाचा, बॅक्टेरियात शिरणारा व्हायरस घेतला, प्रोफ्लेविन नावाच्या रंगद्रव्याने त्याच्या एका जीनमध्ये एकेक अक्षर पाडलं नाहीतर घातलं. एक बदल, जीन मेला. दोन एकाच जातीचे, तरी मेलेला. पण उलट जातीचे दोन एकत्र आणले की परत चालू, आणि एकाच जातीचे तीन एकत्र आणले तरी परत चालू. त्यावरून त्यांनी सांगितलं की वाचन तीन-तीनने होतं. एकही अक्षर प्रत्यक्ष न वाचता, कारण डीएनए वाचायची सोयच तेव्हा नव्हती, फक्त पेट्रीडिशमधले डाग बघून! मला यातलं सगळ्यात काय आवडतं सांगू का, त्यांनी बदलांना प्लस आणि मायनस अशी नावं दिली, पण कुठलं घालणं आणि कुठलं गाळणं हे त्यांनाही माहीत नव्हतं. पहिल्याला प्लस म्हणायचं असं आपापसात ठरवून टाकलं. आणि गणित तरी सुटलं.

आपल्या जवळची उदाहरणं घ्यायची तर माझी एक मैत्रीण पिंपरी कॅम्पातली, सिंधी, तिच्या लग्नाच्या बोलणीत पत्रिकेच्या आधी दोघांच्या रक्ताचे एचबीए-टू चे (थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा दोष अंगात आहे का ते सांगणारे) रिपोर्ट आले होते. फाळणीनंतर तिकडे वसलेल्या सिंधी कुटुंबांना थॅलेसेमिया हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बीटा ग्लोबिन जीनमधली सलग ६१९ अक्षरं गळालेली, हा एक बदल सिंधी लोकांत बराच आढळतो. त्याच जीनमध्ये भारतात नेहमी दिसणारे आणखी दोन बदल आहेत, एकात चार अक्षरं कमी, दुसऱ्यात एकच अक्षर जास्त. आणि चार काय, एक काय, तीनच्या पाढ्यात न बसणारं, म्हणजे आमच्या भाकरीचं भजं. उलट युरोपात जो सिस्टिक फायब्रोसिस खूप आढळतो त्याचा सगळ्यात कॉमन बदल, १९८९ ला सापडलेला, बरोब्बर तीन अक्षरांचा आहे, प्रोटीनच्या लांब माळेतला ५०८ वा एकच मणी गळतो, बाकी माळ जशीच्या तशी. एवढ्यावरून वाटेल की मग ठीक असेल, पण नाही, माळेची घडी नीट बसत नाही आणि पेशी ते प्रोटीन फेकून देते. म्हणजे तीनचा पाढा पाळला की वाचलात असं काही नाही. आईला करता येईना हे वाक्य शाबूत आहे, पण काय करता येईना?

अक्षरं गळतात कशी हे मात्र मला बाबांकडून जास्त चांगलं कळलं. ते म्हणायचे की जुळाऱ्याचा डोळा उडी मारतो. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असतील तर पहिली जुळवून झाल्यावर डोळा परत मूळ कागदावर जातो तो दुसऱ्या ओळीच्या त्या शब्दावर, मधली ओळ गायब. किंवा उलट, परत वरच्या शब्दावर येतो आणि तीच ओळ दोनदा. आता डीएनएत सीएजी सीएजी सीएजी असं एकसारखं लांबलचक आलं की उतरवून घेणारं यंत्र तिथे असंच घसरतं, नवा धागा सुटून एक घर पुढे नाहीतर मागे चिकटतो. जॉर्ज स्ट्रायसिंगर आणि मंडळींनी हे घसरणं १९६६ मध्ये मांडलं (बाबांची नोकरी पण १९६६ ची, आणि या लेखात हे साल अजून एकदा येणार आहे, मी काही करू शकत नाही). हंटिंग्टनचा आजार त्याच घसरण्याचा, एका जीनमध्ये सीएजीची माळ बहुतेकांत वीसच्या आगेमागे असते, ती चाळीस किंवा वर गेली की आजार पुढेमागे येतोच. आणि घसरताना एकदम दहा अक्षरं गेली तरी ती घसरण एकच ना, म्हणून डीएनए जुळवणारे प्रोग्रॅम रिकामी जागा सुरू करायला मोठा दंड लावतात आणि ती लांबवायला किरकोळ. रिक्षाच्या मीटरसारखं, बसायचेच पैसे जास्त.

असो. तीन महिने. पालींच्या त्या ४१ अक्षरांवर मी एक गोष्ट रचली, वरच्या जातीने हा तुकडा गमावला, त्याच्या शेजारच्या जीनवर परिणाम झाला असणार, बोटांच्या रचनेत फरक आहे तो त्यामुळे असेल, सुंदर स्लाइड्स केल्या. लॅब मीटिंगमध्ये सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच शब्द विचारला, "आउटग्रुप?" म्हणजे या दोघींपेक्षा थोडी लांबची, तिसरी जात. तिच्यात तो तुकडा असेल तर पूर्वजात होता, एकीने गाळला. तिच्यात नसेल तर दुसरीने नंतर घातला. माझ्याकडे तिसऱ्या जातीचा डेटा होता, डिस्कवर पडून होता, अपूर्ण आहे म्हणून मी तो वापरला नव्हता. संध्याकाळी लावून बघितला. नव्हता तुकडा. मग नीट बघितलं तर खालच्या पालीतली ती ४१ अक्षरं म्हणजे तिच्याच शेजारच्या ४१ अक्षरांची नक्कल, तीच ओळ दोनदा! नुसत्या डोळ्यांनी पहिल्या दिवशी दिसलं असतं. बाबांना तर नक्कीच दिसलं असतं.

घरी येऊन सांगितलं. ते काहीच बोलले नाहीत, पुढच्या शनिवारी मला स्कूटरच्या मागे बसवून लॉ कॉलेज रोडला घेऊन चल म्हणाले, म्हणजे स्कूटर मी चालवायची आणि घेऊन ते जाणार.

भांडारकर संस्थेच्या बाहेरून मी आयुष्यात हजार वेळा गेले असेन. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे झाली हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण म्हणजे केलं काय हे मी कधी विचारलंच नव्हतं. १९१९ ला काम सुरू, विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ ला सूत्रं घेतली, पहिलं आदिपर्व १९३३ ला पुरं झालं, सुकथनकर १९४३ ला गेले, बेलवलकर आणि नंतर प. ल. वैद्यांनी ओढत नेलं, आणि शेवट १९६६. काश्मीरच्या शारदा लिपीपासून दक्षिणेतल्या मल्याळमपर्यंत बाराशेच्या वर पोथ्या. बाबा सांगत होते की आखलेले मोठे कागद असायचे, वर एक श्लोक लिहायचा, एकेका अक्षराला एकेक उभा रकाना, डावीकडे पोथ्यांची नावं, आणि प्रत्येक पोथीत त्या जागी वेगळं काय आहे ते तिच्या आडव्या ओळीत, त्या त्या रकान्यात. जास्तीचे श्लोक निघाले तर त्यांना वेगळा कागद. मी तिथे झाडाखाली उभी राहून ऐकत होते आणि मला माझी स्क्रीन दिसत होती. अक्षरशः तीच. प्रोग्रॅमने दोन माळा एकमेकींसमोर लावायची पद्धत नीडलमन आणि वुंश यांनी १९७० मध्ये छापली, आणि इथे पुण्यात त्याच्या चाळीसेक वर्षं आधी लोक हाताने, पेनाने, पोथ्यांचं अलाइनमेंट करत बसले होते.

बाबांचा छंद असा की या आवृत्तीत मूळ संहितेतून काय काय बाहेर गेलं ते लोकांना सांगून दचकवायचं. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय ही गोष्ट नंतरची भर ठरली, परिशिष्टात गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते तेही मूळ संहितेत नाही, वस्त्रं येत राहतात पण धावा नाही. आईला हे त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गणेश चतुर्थीलाच सांगितलं होतं म्हणे. "गणपतीला परिशिष्टात टाकलं?" एवढं म्हणून ती मोदक वळायला गेली आणि दिवसभर बोलली नाही.

आता त्या कामात एक अंदाज धरलेला होता, आणि तो पोथ्यांच्या बाबतीत बरोबरच आहे, की लोक भर घालतात, मुद्दाम गाळत सहसा नाहीत. कथेकऱ्याला एखादा प्रसंग रंगवावासा वाटतो, उतरवणाऱ्याला आपल्या गावचं तीर्थ घुसवावंसं वाटतं, पुण्याचं काम, गाळायचं कोणाच्या जिवावर? म्हणून शारदा लिपीतला पाठ सगळ्यात आटोपशीर म्हणून मूळच्या जास्त जवळचा, दक्षिणेतला फुगलेला. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचं पण तेच, एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४ ला पाठ शुद्ध करून घेतला आणि त्यांच्या नावावरची ओवी बजावते की यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवतो. गाळणाऱ्यासाठी अशी ओवी नाही, बघा.

आणि डीएनएत नेमकं उलटं. बारीकसारीक बदलांत बहुतेक जीवांमध्ये गाळणं हे घालण्यापेक्षा जास्त होतं. त्यामुळे लहान ते जुनं असं इथे म्हणता येत नाही, लहान म्हणजे कदाचित नुसतं झिजलेलं. दिमित्री पेत्रोव आणि डॅनियल हार्टल यांनी ९० च्या दशकात फळमाशीत हे मोजलं, कसं तर जीनोममध्ये उड्या मारणारे जे तुकडे असतात त्यांच्या मेलेल्या प्रती घेतल्या, ज्यांचं काही काम नाही, ज्यांना कोणी जपत नाही, आणि बघितलं की त्या किती वेगाने झिजतात. फळमाशी भराभर झाडून टाकते. मग हवाईतल्या एका रातकिड्यात तेच मोजलं, त्याचा जीनोम माशीच्या अकरापट, आणि त्याचा कचरा काढायचा वेग चाळीसपटीहून हळू. म्हणजे एकाचं घर लहान का तर तो सतत अडगळ काढतो, दुसऱ्याचं मोठं कारण माळ्यावर सगळं ठेवलेलं, लागेल कधीतरी. (आमच्याकडे बाबा रातकिडा, आई फळमाशी.)

माळ्याचा विषय निघाला तर कांदा. कांद्याचा जीनोम सुमारे १६ अब्ज अक्षरांचा, माणसाच्या पाचपट. लासलगावच्या गोणीतला कुठलाही कांदा उचला, आपल्यापेक्षा पाचपट पोथी बाळगून आहे. याउलट कासला सप्टेंबरात निळी-जांभळी सीतेची आसवं बघायला आपण ट्रॅफिकमध्ये तास न् तास काढतो, ती किडे खाणारी युट्रिक्युलेरिया, तिच्या एका पाण्यात तरंगणाऱ्या बहिणीचा जीनोम जेमतेम १० कोटी अक्षरं, कांद्याच्या शंभरपटीहून लहान, आणि जीन्स मात्र माणसापेक्षा जास्त. सगळी अडगळ बाहेर. फूल तरी किती नाजूक. मी मागच्या वर्षी गुडघे टेकून फोटो काढत होते तर मागून एक काकू म्हणाल्या, यात काय एवढं, पुढे मोठी फुलं आहेत.

आता वह्या.

बाबांसमोर त्या रविवारी होत्या त्या दोन वंशावळी. एक आमच्या घरातली, आजोबांनी जपलेली, एक वाईच्या चुलतकाकांकडची. दोन्ही हाताने लिहिलेल्या, बहुधा एकाच जुन्या बाडावरून उतरवलेल्या. सगळं जुळतं, फक्त आमच्या पणजोबांना आमच्या वहीत चार मुलं आहेत, तीन मुलगे आणि गंगू. वाईच्या वहीत पाच. यमुना.

घरात सगळ्यांचं लगेच ठरलं. गाळली. आई तर म्हणाली, "बायकाच गळतात, त्यात शोधायचं काय." चुलतभावंडांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवसांत तिची गोष्टही तयार झाली, ती नाटक कंपनीबरोबर पळून गेली इथपासून ती क्रांतिकारकांना भाकऱ्या पोचवायची इथपर्यंत, आणि मी पण त्यात होते, मला पण ती पळून गेलेली आवडत होती. पुण्याच्या कर्मठ घराने तिचं नाव पुसलं, वाईकरांनी ठेवलं. बाबा एकटे म्हणत होते की आपल्या वहीत खाडाखोड नाही. जुन्या पोथ्यांत अक्षर काढून टाकायचं तर त्यावर हरताळ नावाचं पिवळं द्रव्य फासायचे, हरताळ फासणे त्यावरूनच आलं, आणि राहिलेलं अक्षर घालायचं तर ओळीत काकपद करायचे, कावळ्याच्या पायासारखी खूण, आणि समासात लिहायचे. आपल्या वहीत हरताळ नाही, खरवडलेलं नाही, चार नावांमधलं अंतर सारखं आहे. "मूळ बाडातच नसेल कशावरून?"

तिसरी प्रत पाहिजे होती. नाशिकला पंचवटीत आमच्या घराण्याचे उपाध्ये आहेत, त्यांच्या लांबट चोपड्यांत पिढ्यांची नावं असतात, तुमचं आडनाव आणि गाव सांगितलं की दहा मिनिटांत तुमच्या खापरपणजोबांची सही समोर. आम्ही गेलो. पणजोबांच्या हातची नोंद निघाली, तीन मुलगे. यमुना नाही. मी तिथेच म्हटलं, बघा, नाही! बाबांनी बोट ठेवलं. गंगूही नव्हती. मुलींची नावं त्या पानावर लिहिलेलीच नव्हती.

हे आमच्याकडे रोजचं आहे आणि तरी मी फसले. जुळवलेल्या ओळीत आडवी रेघ म्हणजे इथे अक्षर नाही, आणि एन लिहिलं म्हणजे इथे वाचताच आलं नाही. दोन्ही रिकामं दिसतं. नाशिकचं पान यमुनेच्या बाबतीत रेघ नव्हतं, एन होतं.

मधल्या काळात मी पर्वतीच्या पायऱ्यांवर पावसात घसरले आणि माकडहाडावर आपटले, महिनाभर उशी घेऊन फिरत होते. माकडहाड हे नाव किती बरोबर आहे ते त्याच सुमाराला कळलं, कारण २०२४ च्या सुरुवातीला नेचरमध्ये शेपटीचा पेपर आला. आपल्या जीनोममध्ये अलू नावाचे साधारण तीनशे अक्षरांचे तुकडे आहेत, दहा लाखांच्या वर प्रती, सगळ्या मजकुराच्या दहा टक्के. त्यातला एक तुकडा सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी टीबीएक्सटी नावाच्या जीनमध्ये येऊन पडला, जीनच्या कामाच्या भागात पण नाही, मधल्या रिकाम्या पट्ट्यात. तर तिथे आधीपासून एक अलू उलटा पडलेला होता, दोघं एकमेकांना चिकटतात, मधे फास तयार होतो आणि वाचताना त्या फासातला तुकडा वगळला जातो. घातल्यामुळे गळतं! उंदरांमध्ये तसा वगळलेला प्रकार करून बघितला तर शेपट्या आखूड झाल्या, काहींच्या आल्याच नाहीत. हा तुकडा घातलाय हे कसं कळलं, तर गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, आपण, सगळ्या बिनशेपटीवाल्यांकडे तो आहे आणि शेपटीवाल्या माकडांकडे नाही. तिसरी प्रत. आणि चिंपांझी आणि आपण ९८.८ टक्के सारखे असं जे सगळीकडे सांगतात ना, तो आकडा फक्त जिथे अक्षरासमोर अक्षर आहे तिथला आहे. २००५ मध्ये चिंपांझीचा जीनोम आला तेव्हा एकाक्षरी फरक साडेतीन कोटी निघाले आणि इंडेल ५० लाख, पण त्या ५० लाखांत मिळून नऊ कोटींच्या आसपास अक्षरं होती. फरक जास्त करून रिकाम्या जागांत आहे आणि मोजताना आपण त्याच सोडतो.

बाहेरून आलेलं सगळंच नरोटी नसतं, हे पण तेव्हाच डोक्यात फिरत होतं. आपल्या जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांचा आहे, कधीतरी पूर्वजांच्या पेशीत शिरले आणि वंशावळीतच राहिले. त्यातल्या एकाचा, व्हायरसला पेशीत घुसायला मदत करणारा जीन, आज सिन्सिटिन नावाने आईच्या वारेत काम करतो, तिथल्या पेशी एकमेकींत विरघळून बाळाभोवतीचा थर तयार होतो तो त्याच्यामुळे.

दिवाळीत भोरला गेलो. तिथे आक्का असतात, बाबांच्या चुलत बहीण, वय ९१, कान गेलेत पण बाकी सगळं ठणठणीत. बाबांनी वाईची वही समोर धरली आणि यमुनेवर बोट ठेवून जोरात विचारलं. आक्कांनी चष्मा लावला, नावाऐवजी अक्षर बघितलं आधी.

"हे आईचं अक्षर माझ्या."

मग मला दिसलं, म्हणजे दिसत होतंच, लक्ष नव्हतं. बाकीची नावं काळ्या शाईत, यमुना जांभळट, आणि ओळीत थोडी दाटीने बसवलेली.

"घेतली होती तिला. मानमोडीत आईबाप गेले तिचे आठ दिवसांत, शेजारी राहायचे. तीन वर्षांची होती. आपल्या आजोबांनी उचलून आणली." मानमोडी म्हणजे १९१८ ची फ्लूची साथ. "लग्न करून दिलं, वर्षात परत आली. मग कायमची. आम्हा सगळ्यांना तिनेच वाढवलं, आईला कुठे वेळ होता. आत्याच म्हणायचो." थोडं थांबून, "आईने लिहिलं होय नाव? मला नव्हतं सांगितलं."

कोणी पळून गेलं नव्हतं, कोणी पुसलं नव्हतं. ग्रुपवर टाकलं तर एकाने अरेरे म्हणून रडका चेहरा पाठवला. मी पण परतीच्या रस्त्यात कात्रजपर्यंत गप्पच होते, सहा महिने जिला गाळलेली म्हणून मनात वाढवली ती घातलेली निघाली, आणि त्याचं नक्की काय वाटून घ्यायचं ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर बाबांनी आमची वही काढली. नियमाने बघायला गेलं तर भर आहे ती, मूळ बाडात नाही, उत्तरकालीन हस्ताक्षर, एकाच प्रतीत, म्हणाले. चिकित्सक आवृत्तीत ही गेली असती परिशिष्टात.

"तिलाही?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

बाबांनी लाल पेन उघडलं, मग बंद केलं आणि माझ्याकडे काळं मागितलं. गंगू आणि धाकट्या मुलाच्या मधे बारीक काकपद केलं, हात थोडा थरथरतो आता, पण खूण स्वच्छ आली. समासात यमुना लिहिलं. बाकीच्या सगळ्यांच्या नावापुढे जन्माचं शक आहे, तिच्यापुढे काय लिहायचं ते आक्कांनाही माहीत नव्हतं. त्यांनी तिथे एक आडवी रेघ ओढायला घेतली.

"रेघ नको," मी म्हटलं.

"मग?"

"एन लिहा."

"वंशावळीत इंग्रजी?" असं म्हणून त्यांनी जागा तशीच कोरी सोडली आणि शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घालत बसले.